रॉकेलची सवय पेट्रोल-थिनरला लावू नका : घरातले पेट घेणारे द्रव

पंचगंगाकाठ

रेशनचं निळं रॉकेल मिळेनासं झाल्यापासून आमच्या भागात एक सवय लागलेली दिसते आणि ती बघून पोटात गोळा येतो. परड्यातला बंब पेटवायचाय, शेणी ओल्या आहेत, जळण धुपतंय. मग गाडीच्या टाकीतनं नळीनं पेट्रोल काढायचं आणि वरनं ओतायचं. कुणाकडं रंगकामातलं थिनर उरलेलं असतं, ते वापरतात. कोरोनानंतर पाच लिटरचे सॅनिटायझरचे कॅन पडून होते, तेही याच कामाला संपवलेले मी पाहिलेत. हात मात्र तेच, रॉकेलला सरावलेले.

रॉकेल ही एका अर्थानं सोशिक वस्तू होती. फरशीवर सांडलं तरी काडी लागल्याबरोबर भडकत नसे, वातीवर किंवा चिंधीवर चढल्यावर नीट जळत असे. पेट्रोल तसं नाही, थिनर तसं नाही, स्पिरीटही तसं नाही. आपल्या आया-आज्या ज्या बेतानं रॉकेल हाताळायच्या, त्या बेतानं पेट्रोल हाताळलं तर माणूस भाजतो.

दिवाळीच्या तोंडावर घरोघरी रंग, पॉलिश, साफसफाई निघते. त्याआधी हा धागा काढतोय. यातल्या कामात असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा. कुठला द्रव कशासाठी, काय करू नये, कुठं ठेवावा, सांडला-पेटला तर काय. घरातल्या बायकांनी आणि पोरांनीही वाचावं असं लिहा, कारण न्हाणीत बंबाजवळ तीच असतात.

उद्यमनगरकर

काका, बरं झालं विषय काढलात. मी शिवाजी उद्यमनगरात मशिनशॉपमध्ये आहे. आमच्याकडं दिवसभर रॉकेल, डिझेल, थिनर सगळं हातात असतं.

फरक कुठं आहे ते आधी सांगतो. द्रव स्वतः जळत नाही, त्याची वाफ जळते. कुठल्या तापमानाला ठिणगीवर पेट घेण्याइतकी वाफ तयार होते, त्या आकड्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. रॉकेलचा तो साधारण 35 ते 40 अंशांच्या पुढं असतो. म्हणजे थंडीतल्या सकाळी उघड्या वाटीतल्या रॉकेलवर पेटण्याइतकी वाफच नसते. पेट्रोलचा आहे उणे 40 अंशांच्या आसपास! कोल्हापुरातच काय, हिमालयात बर्फावर ठेवलं तरी त्याची वाफ तयारच. अॅसिटोन, म्हणजे नेलपॉलिश काढायचं पाणी, उणे 20. टोल्युइन, जे एनसी थिनरमध्ये (लाकडाच्या लॅकरचं थिनर) आणि चपला-पंक्चर चिकटवायच्या सोल्यूशनमध्ये असतं, ते 4 अंश. स्पिरीट 13 च्या आसपास. रंगवाले ज्याला टर्पेंटाईन म्हणून देतात, ते खनिज तेलापासूनचं असतं आणि ते रॉकेलच्या जवळ, 35 ते 40.

आता यातली मेख बघा. तुम्ही बंबावर पेट्रोल ओतून बाटली बाजूला ठेवता, झाकण लावता, मग काडीपेटी शोधता. तेवढ्या वेळात वाफ पसरलेली असते. ती हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, त्यामुळं वर जात नाही, पाण्यासारखी उताराला लागते. मोरीत, पायरीखाली, दाराच्या फटीतनं बाहेर. काडी ओढता तेव्हा फक्त जळण पेटत नाही, तुमच्या पायाभोवतीची हवा पेटते. म्हणून अशा भाजलेल्या माणसाचे पाय, पोटऱ्या, मग हात आणि तोंड जास्त जळालेले असतात.

हवेत पेट्रोलची वाफ दीड टक्क्याच्या आसपास झाली तरी पेटायला पुरते. एक पेलाभर पेट्रोल सगळं उडालं तर दोन-तीन घनमीटर हवा पेट घेण्याजोगी होऊ शकते. लहान न्हाणीघराचा अर्ध्याहून जास्त भाग झाला तो.

आणि हो, जळत्या किंवा धुपत्या जळणावर बाटलीतनं परत ओतणं हा तर सगळ्यात वाईट प्रकार. ज्वाळा धारेवरनं बाटलीच्या तोंडाशी येते आणि बाटली हातातच पेटते. माणूस घाबरून ती फेकतो, ती नेमकी दुसऱ्याच्या अंगावर पडते.

मंगळवारपेठी

मग बंब पेटवायचा कसा ते पण सांगा की. ओल्या शेणीला काहीतरी लागतंच.

पंचगंगाकाठ

नारळाची शेंडी, करवंटी, बारीक चिपाडं, कागद. शेवटी अगदीच नसलं तर चिंधीचा बोळा खोबरेल किंवा कुठल्याही खाण्याच्या तेलात भिजवून तळाशी ठेवायचा आणि त्याला काडी लावायची. खाद्यतेल मंद पेटतं, पण पेटलं की धरून राहतं. वडी कापराची लावली तरी चालते, आधी ठेवायची, मग पेटवायची. जळण चार दिवस आधी पत्र्याखाली कोरडं ठेवलं तर कशाचीच गरज लागत नाही.

पॉलिशवाला मामा

आमी पॉलिशच्या धंद्यातली माणसं, शिक्षण बेताचं, तरी जे रोज बघतोय ते सांगतो. सगळी लोकं थिनरला भितात. माझं म्हणणं हाय की बेलतेलाच्या चिंध्यांची भीती धरा.

दार-खिडक्यांना, जुन्या सागवानाला बेलतेल मारतात. म्हंजे जवसाचं उकळलेलं तेल. हे तेल वाळतं म्हणजे उडून जात न्हाई, हवेतला ऑक्सिजन ओढून घट्ट हुतं. आन् त्या वेळी त्यातनं उष्णता निघती. दारावर पातळ हात मारला की ती उष्णता हवेत जाती, कळत बी न्हाई. पण पुसलेल्या चिंध्या, कॉटन वेस्ट (सुताचा गुंता), बोळे एकात एक गुंडाळून कोपऱ्यात टाकले की आतली उष्णता आतच ऱ्हाती. जितकं तापंल तितकं जोरात तेल वाळाय लागतं, आन् जितकं वाळंल तितकं आणखी तापतं. काडी न्हाई, ठिणगी न्हाई, तरी ढीग पेटतो. कामगार संध्याकाळी घरला जात्यात, आग रात्री लागती, आन् मागनं सगळे म्हणत्यात शॉर्टसर्किट झालं.

असा ढीग कधी उकलून बघा. वरच्या चिंध्या गार लागत्यात. मधी हात घातला की ऊबदार, आन् करपलेल्या तेलाचा उग्र वास. आतल्या चिंध्या पिवळ्या पडून कडक झालेल्या, बोटाला चिकटणाऱ्या. हे दिसलं की तो ढीग तसाच उचलून बाहेर पाण्यात टाकायचा.

आमच्यात नियम असा: काम संपलं की चिंध्या एकेक सुट्या करून अंगणात दोरीवर न्हाईतर दगडावर पसरायच्या, एकावर एक न्हाई. कडक वाळल्या की मग टाकायच्या. पसरायला जागा नसंल तर पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावायचं. प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगेत गाठ मारून कचऱ्याच्या डब्यात कधीच न्हाई.

फ्रेंच पॉलिशचं वेगळं. त्यात चपडा लाख स्पिरीटमधी विरघळवलेली असती. त्याच्या चिंध्या आपोआप तापत न्हाईत, पण वाफ लगेच पेट घेती. म्हणून पॉलिश चालू असताना त्या खोलीत देवाचा दिवा, उदबत्ती, गॅस काय बी नको. घरमालकिणीला आधी सांगून निरांजन दुसऱ्या खोलीत न्यायला लावतो मी. माऊली रागवत न्हाई, समजून घेती.

निशिगंध

मामांचा प्रतिसाद प्रत्येक सुताराला आणि घरमालकाला वाचून दाखवावा असा आहे. मी नर्स आहे, वीस वर्षांहून जास्त काळ तातडीच्या विभागात काम केलंय. माझ्या बाजूचं लिहिते.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो लहान मुलांसाठी. थंड पेयाच्या किंवा पाण्याच्या रिकाम्या बाटलीत रॉकेल, टर्पेंटाईन, थिनर ठेवायचं आणि ती बाटली मोरीजवळ जमिनीवर. रांगतं, नुकतं चालायला लागलेलं मूल ती तोंडाला लावतं. टर्पेंटाईन तर दिसायला थेट पाणी. एक घोट पुरतो.

अशा वेळी घरचे जे हमखास करतात तेच घातक ठरतं. मिठाचं पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी काढतात. कृपा करून उलटी काढू नका. रॉकेल पोटात गेल्यानं तेवढं नुकसान होत नाही जेवढं ते फुप्फुसात गेल्यानं होतं. ते इतकं पातळ असतं की उलटीबरोबर वर येताना सहज श्वासनलिकेत उतरतं आणि फुप्फुसाला सूज येते, रासायनिक न्यूमोनिया होतो. दूध, तूप, तेल, काही पाजू नका. तोंड पुसा, भिजलेले कपडे काढा, कातडी साबणानं धुवा, मुलाला बसतं धरा आणि दवाखान्यात न्या. बाटली सोबत घ्या, आत काय होतं ते डॉक्टरांना कळायला हवं. मूल हसत-खेळत असलं तरी न्या, कारण खोकला आणि धाप काही तासांनी सुरू होऊ शकते; म्हणूनच काही तास नजरेखाली ठेवतात. खोकला, ठसका, जोरजोरात श्वास, ओठ निळसर, यातलं काही दिसलं तर 108 ला फोन करून रुग्णवाहिकाच बोलवा.

भाजल्यावर: कपड्यांनी पेट घेतला असेल तर पळू द्यायचं नाही, जमिनीवर आडवं करून लोळवायचं किंवा जाड सुती चादर, घोंगडं टाकून ज्वाळा दाबायची. नंतर नळाचं साधं पाणी, निदान वीस मिनिटं, धारेखाली. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, शाई नाही, हळद नाही. अंगठी, बांगड्या, पैंजण सूज यायच्या आत काढा. कातडीला चिकटलेलं कापड मात्र ओढू नका. नायलॉनचा गाऊन किंवा साडी वितळून चिकटते, म्हणून बंबाजवळ, चुलीजवळ सुती कपडेच बरे.

स्पिरीटबद्दल एक. पॉलिशचं, दुकानातलं स्पिरीट कुणी पिऊ नये म्हणून त्यात विषारी द्रव्यं मिसळलेली असतात, काहींत मिथेनॉल असतं. मिथेनॉलचं शरीरात फॉर्मिक आम्ल होतं आणि ते डोळ्यांच्या नसेवर जातं. दृष्टी जाते, जीव जातो. आणि सॅनिटायझर किंवा स्पिरीटची ज्वाळा दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही, निळसर फिकट असते. विझलंय समजून लोक परत ओततात.

कापशीकर

नमस्कार मंडळी. आमचं घर चपलांच्या व्यवसायातलं. जुन्या पद्धतीची कोल्हापुरी चप्पल चामड्याच्या वादीनं शिवलेली असते, तिला खिळा नाही आणि चिकटवायला रसायनही लागत नव्हतं. आता फॅन्सी माल, रबरी सोल, फोमचा पट्टा आला, तसं सोल्यूशन आलं. डबा उघडला की जो गोडसर वास येतो ना, तो टोल्युइनसारख्या द्रवांचा.

आगीचा धोका आहेच, पण आमच्या माणसांना दुसरंच भोवतं. पावसाळ्यात झड आत येते म्हणून दारं-खिडक्या लावून, दहा बाय दहाच्या खोलीत घरातली चार-पाच माणसं दिवसभर सोल्यूशन लावतात. संध्याकाळी डोकं जड, मळमळ, चिडचिड. काही सोल्यूशनमध्ये एन-हेक्झेन असतं. महिनोन्‌महिने ते श्वासात गेलं की हातापायांच्या नसा खराब होतात; आधी बोटांना मुंग्या, मग पायात ताकद राहत नाही, चप्पल पायातनं निसटली तरी कळत नाही. जगभरात चपला-बुटांच्या कारखान्यांतल्या कामगारांमध्ये हे दिसून आलेलं आहे. आमच्याकडं लोक त्याला वात समजून तेल चोळत बसतात.

मी भावकीत सगळ्यांना सांगून दोन गोष्टी करायला लावल्या. सोल्यूशन लावायचं काम ओसरीवर किंवा समोरासमोर दोन खिडक्या उघड्या असतील तिथंच. आणि डबा उघडा ठेवायचा नाही, वाटीत लागेल तेवढंच काढायचं. साधा कापडी मास्क याला काही उपयोगाचा नाही, धूळ अडते पण वाफ आरपार जाते. कोळशाचा फिल्टर असलेला मास्क लागतो.

पोरांकडंही लक्ष ठेवा. पंक्चरचं सोल्यूशन, व्हाइटनरचं थिनर हुंगायची सवय लागते. त्यात हृदयाचे ठोके बिघडून पहिल्याच वेळी पोरगं जाऊ शकतं.

मंगळवारपेठी

हे सगळं वाचून अंगावर काटा आला. आता माझा प्रश्न. घरात रंग झालाय. अर्धा डबा ऑइलपेंट, लिटरभर टर्पेंटाईन, थोडं एनसी थिनर आणि मुलाच्या गाडीसाठी आणलेलं पेट्रोल, असं सगळं माळ्यावर आहे. वर पत्रा. हे चालेल का? कायद्यानं किती ठेवता येतं?

उद्यमनगरकर

दादा, पेट्रोल आजच गाडीत ओतून टाका. पेट्रोलियम कायद्यात विक्रीसाठी नसेल तर 30 लिटरपर्यंत पेट्रोलला परवाना लागत नाही, हे खरं. पण तो कायदा परवान्याचा हिशेब सांगतो. तुमच्या माळ्यावर ते ठेवणं सुरक्षित आहे असं तो म्हणत नाही. राहत्या घरात पेट्रोल ठेवायचं कारणच नाही.

माळ्याचं म्हणाल तर एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली तापमान चाळिशी सहज ओलांडतं. म्हणजे एरवी सोशिक असलेलं टर्पेंटाईन आणि रॉकेलही तिथं आपल्या फ्लॅश पॉइंटला पोचतं. थिनरचा डबा फुगतो, उघडताना फुस्स करून वाफ तोंडावर येते. तळमजल्यावर, सावलीत, हवा खेळती असलेल्या जागी, गॅस-गिझर-इन्व्हर्टरपासून लांब ठेवा. मूळच्या पत्र्याच्या डब्यात, झाकण ठोकून, पोरांचा हात पोचणार नाही अशा कडीच्या कपाटात. फ्रिजमध्ये तर अजिबात नको. घरच्या फ्रिजच्या आत थर्मोस्टॅटचा, दिव्याच्या बटणाचा स्पार्क असतो.

गॅस गिझरचं मुद्दाम सांगतो, कारण आता घरोघरी बंबाच्या जागी तेच आलेत. रंगाऱ्याची पोरं ब्रश धुवायला थिनर घेऊन न्हाणीत जातात. कुणीतरी बाहेर बेसिनचा गरम नळ सोडतं आणि गिझर ठिणगी टाकतो. थिनरचं काम अंगणातच.

कॅनमध्ये पेट्रोल घ्यायची वेळ आलीच तर कॅन जमिनीवर ठेवून भरून घ्या. गाडीच्या सीटवर किंवा मांडीवर धरून भरलं तर स्थिर वीज साठते आणि तिला जायला वाट मिळत नाही.

आमच्या धंद्यातली एक खोड पण सुटायला हवी. ग्रीसचे हात पेट्रोलनं धुणं. पेट्रोलमध्ये बेंझिन असतं, बीएस-6 दर्जाच्या पेट्रोलमध्ये एक टक्क्यापर्यंत चालतं. ते रक्ताच्या कर्करोगाचं सिद्ध झालेलं कारण आहे आणि कातडीतनंही थोडं आत जातं. वर कातडीचं तेल जाऊन भेगा पडतात त्या वेगळ्याच. खोबरेल चोळून लाकडाच्या भुश्शानं पुसा, मग साबण. ग्रीस निघतं. गाडीची चेन धुवायलाही पेट्रोल नको, रॉकेल किंवा डिझेल पुरतं. पेट्रोलनं चेनच्या रबरी ओ-रिंगा कडक पडतात.

निशिगंध

एक सुटलं. संडास साफ करायचं आम्ल आणि ब्लीच एकत्र ओतू नका, क्लोरीन वायू होतो. ब्लीचमध्ये स्पिरीट किंवा अॅसिटोनही नको. दिवाळीच्या साफसफाईत बायका "जास्त स्वच्छ होईल" म्हणून दोन-तीन बाटल्या एकत्र करतात आणि बंद न्हाणीत घुसमटतात.

शाहूपुरीकर

पुराचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. 2019 आणि 2021 ला आमच्याकडं पाणी शिरलं. पाणी चढतं तसे डबे तरंगतात, आडवे होतात, झाकणं सुटतात. पेट्रोल-रॉकेल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळं तवंग होऊन सगळ्या खोल्यांत फिरतं. पाणी ओसरल्यावर घर उघडताना लोक पहिल्यांदा मेणबत्ती लावतात, कारण वीज नसते. तसं करू नका. बॅटरी घ्या, दारं-खिडक्या उघडून घर वाऱ्यावर सोडा, वास पूर्ण गेल्यावरच ज्वाळा. वीजही तज्ज्ञानं बघितल्याशिवाय चालू करू नका. आणि चिखल उपसायला आणलेला पेट्रोलचा पंप किंवा जनरेटर घराच्या आत चालवायचा नाही, त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

कुंभार गल्लीत गणपतीच्या दिवसांत रंगाची फवारणी रात्रंदिवस चालते. तिथं मंडपाच्या कापडाला लागून उघडे हॅलोजन लावतात. कारागीर भावांनो, दिवे बाहेरच्या बाजूला आणि लांब लावा.

मंगळवारपेठी

पेट्रोल गाडीत ओतलं, बाकीचे डबे खाली आणले. पेटलंच तर पाणी मारायचं का?

उद्यमनगरकर

पेट्रोल, रॉकेल, टर्पेंटाईन, थिनरच्या आगीवर पाणी नाही. तेल पाण्यावर तरंगतं आणि आग पसरते. डबा किंवा पातेलं पेटलं असेल तर वरनं ताट, फळी, जे सपाट असेल ते झाकायचं आणि गार होईपर्यंत काढायचं नाही. पेटता डबा उचलून बाहेर पळायचं नाही, सगळ्यात जास्त माणसं त्यातच भाजतात. फरशीवर सांडून पेटलं असेल तर कोरडी वाळू किंवा माती. बंबाजवळ वाळूची बादली भरून ठेवा, खर्च शून्य. आग विझवायचा एबीसी पावडरचा छोटा सिलिंडर मिळाला तर उत्तम. ज्वाळेच्या टोकावर नाही, बुडावर मारायचा. दोन-चार सेकंदात आटोक्यात आलं नाही तर माणसं बाहेर काढा आणि अग्निशमन दलाला 101 लावा. गॅसचा वास असेल तर गॅसगळतीची हेल्पलाइन 1906.

पंचगंगाकाठ

मंडळी, मनापासून आभार. राहिला विल्हेवाटीचा प्रश्न. ब्रश धुतलेलं टर्पेंटाईन सर्रास गटारीत ओततात. तिथनं जयंती नाला, तिथनं पंचगंगा. शिवाय बंद गटारीत वाफ साठून कुणाच्या विडीच्या थोटकानं भडका उडू शकतो. मामा, तुम्ही काय करता?

पॉलिशवाला मामा

टाकतच न्हाई. ब्रश धुतलेलं टर्पेंटाईन पत्र्याच्या डब्यात झाकून आठ-पंधरा दिवस हलवायचं न्हाई. रंगाचा चिखल खाली बसतो, वर निव्वळ टर्पेंटाईन ऱ्हातं. ते अलगद दुसऱ्या डब्यात वतून घ्यायचं, त्यात परत ब्रश धुवायला येत्यात. खालचा चिखल वाळूत न्हाईतर भुश्शात कालवून उघड्या हवेत, घरापासनं लांब वाळवायचा. भुसा वापरला तर त्याचा ढीग करायचा न्हाई, पातळ पसरायचा, चिंध्यांसारखंच. थिनर ज्यानं आणलंय त्यानं पुढच्या घरच्या कामाला न्यावं, आमी तसंच करतो. रंगाचे रिकामे डबे झाकण उघडून पूर्ण वाळवल्याबिगर भंगारवाल्याला देऊ नगा. तो गॅसकटर लावतो, आन् रिकाम्या डब्यात वाफच जास्त असती.

पंचगंगाकाठ

घनकचरा नियमांत रंगाचे डबे, कीटकनाशकांचे डबे असा घरातला घातक कचरा वेगळा द्यायचा आहे. आपल्या प्रभागात घंटागाडी तो वेगळा घेते का, कुठल्या दिवशी, हे ज्यांनी दिलाय त्यांनी प्रभागाच्या नावासह खाली लिहा. मी यादी करून धाग्याच्या सुरुवातीला जोडतो.